पहिल्या धारेचं पाणी

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला काही खर्च येत नाही, म्हणून आपल्याकडे तो सगळेच देतात. खैरपाड्याच्या गोपालला त्या आठवड्यात इतके सल्ले मिळाले की ठिबकच्या नळ्यांऐवजी तेच ट्रकमध्ये भरले असते, तर गाडी काट्यावर ओव्हरलोड निघाली असती. कोणी म्हणे लसूण खिशात ठेव, कोणी म्हणे तिकडे दाढी करू नको, आणि ज्याने चोपड्याच्या पलीकडे पाय ठेवलेला नाही असा एक जण त्याला हिमालयात गिअर कसे टाकायचे ते समजावत होता.

गोपाल सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि हसायचा. सोळा वर्षं तो गाडीवर होता. केळी घेऊन दिल्ली, डाळ घेऊन कोलकाता, परतताना मिळेल तो माल. त्याचा विश्वास एकच होता, गाडी नीट तर वाट नीट. आता जळगावहून ठिबकच्या नळ्या भरून त्या लेहच्याही पलीकडे, एका जर्दाळूच्या बागेत पोचवायच्या होत्या. रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत जायचं आणि यायचं. मनालीनंतर दोन-अडीच दिवस झाड नाही, गाव नाही, फोनला रेंज नाही. नुसते डोंगर आणि वारा. सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे जानेवारीतल्या दोन गोधड्या, पण गोपालने ते काम छातीवर हात ठेवून घेतलं. त्याच्यासोबत दुसरा ड्रायव्हर म्हणून त्याचा चुलतभाऊ बादल जाणार होता. बादलने धुळ्याच्या बाजारातून कापूस भरलेलं जाडजूड जाकीट आणलं होतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो ते घालून गावभर हिंडत होता. घामाने निथळायचा, पण काढायचा नाही.

गोपालची तयारी मात्र दिखाऊ नव्हती. अमळनेरला लोटन मिस्त्रीच्या गॅरेजात त्याने गाडी आठ दिवस उभी केली. ब्रेक उघडून पाहिले, पट्टे नवे टाकले, रबरी नळ्या बदलल्या, बॅटरी नवी घेतली, चाकांना बांधायच्या साखळ्या मागवल्या. इंदूरजवळच्या ढाब्यावर ओळख झालेल्या मनालीच्या एका ड्रायव्हरला तो रोज फोन करी आणि त्याने सांगितलेलं एका वहीत लिहून घेई. वरच्या भागात तिकडचंच डिझेल भर, इकडचं गोठतं. हँडब्रेक ओढून रात्रभर गाडी ठेवू नको. आणि सगळ्यात वर, दोन रेघा मारून, रेडिएटर.

रेडिएटरचा धडा लोटन मिस्त्रीने स्वतः दिला. लोटन बोलायला लागला की समोरच्याला आपण बाकावर उभे आहोत असं वाटतं.

"आपला आठे इंजिन तापीसन मरस," तो म्हणाला. "तठे गारठीसन मरी. पानी गोठस. गोठं का फुगस. आनि फुगं का बीडनं, ओतीव लोखंडनं, इंजिन भी फोडी टाकस. मंग तू नि बादल बसा बर्फमा पत्ते खेळत."

"मंग काय कराचं?"

"निम्मं कूलंट, निम्मं पानी. उणे पस्तीसपावत काही व्हत नई. पन पानी कोनतं? वाफनं. बॅटरीमा टाकतस ते."

मग त्याने खिशातून पेनासारखं एक यंत्र काढलं. बॅटरीच्या पाण्यातला क्षार मोजायचं. गोपालच्या गाडीत मागे कॅन होता, घरच्या विहिरीच्या पाण्याचा. लोटनने त्यात पेन बुडवलं. आकडा आला आठशे चाळीस. लोटनने तो गोपालच्या नाकासमोर धरला.

"हाई पानी नई भो, हाऊ चुना शे. हाई रेडिएटरमा गयं तर कूलंटना बठ्ठा पैसा पानीमा. शुक्रवारे मी सोता येसू, जुनं पानी काढसू, मना हातथीन भरसू. तोपावत कोनले हात लावू देऊ नको."

गोपालने कॅनचं झाकण लावलं आणि डोकं खाजवलं. कारण कूलंट मिळत होतं, साखळ्या मिळत होत्या, पण या एका गोष्टीला बाजारात उपाय नव्हता. ती गोष्ट घरी होती आणि तिचं नाव चमेलीबाई.

चमेलीबाई म्हणजे गोपालची आई. तिचा नवरा धना, तोही ड्रायव्हरच. पूर्वी मे महिन्यात बिजासनच्या घाटात गाड्यांची रांग लागायची, इंजिनं उकळायची, आणि लोक डबक्यातलं गढूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतायचे. धनाची गाडी कधी उकळली नाही, कारण तो घरच्या विहिरीचं पाणी नेत असे. तेव्हापासून घरात रीत पडली. गाडी घरी आल्यावर एकदा आणि निघायची त्या सकाळी पुन्हा चमेलीबाई डोक्यावर हंडा घेऊन यायची आणि स्वतःच्या हाताने तांब्या तांब्या करून रेडिएटर भरायची. भरायची म्हणजे उतू जाईपर्यंत. पाणी जाळीवरून खाली ओघळून मातीत पडलं पाहिजे, कारण धरतीलाही तिचा वाटा मिळाला पाहिजे. लिंबू-मिरचीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "लिंबू पोहावर पिळतस, चाकखाल नई," असं ती म्हणे. तिचा विश्वास पाण्यावर होता. घरचं पाणी पोटात असलेली गाडी घरीच येते. बावीस वर्षं धना गेला आणि बावीस वर्षं परत आला. शेवटी गेला तो घरच्या खाटेवर, काविळीने, आणि त्यात गाडीचा काही दोष नव्हता.

गोपाल चारचौघांत म्हणायचा, म्हातारीची समजूत आहे, आपण मोडत नाही इतकंच. पण हे त्याचं सांगणं पुरतं खरं नव्हतं. एकदा चमेलीबाई आठवडी बाजाराला गेली होती आणि गाडीत केळी भरलेली होती. केळी थांबत नसतात. गोपाल मात्र चार तास थांबला. बाजारातून आई आली, पाणी ओतलं, मग त्याने स्टार्टर मारला. त्या पाण्याशिवाय त्याने आजवर एकदाही चाक हलवलं नव्हतं, आणि आयुष्यातल्या सगळ्यात अवघड वाटेवर ते पहिल्यांदा हलवावं लागणार होतं. पाणी घ्यावं तर इंजिन फुटणार. न घ्यावं तर आईचा जीव महिनाभर टांगणीला, आणि स्वतःचाही.

यावर त्याने जो उपाय काढला, तो विषय आजही निघाला की गोपाल तंबाखूची डबी शोधायला उठतो.

लोटनच्या भंगारात एका जुन्या रेडिएटरचं तोंड पडलं होतं, झाकणासकट. गोपालने ते आपल्या गाडीच्या जाळीमागे, खऱ्या तोंडाच्या शेजारी बसवून घेतलं. खालून एक रबरी नळी जोडली, ती थेट जमिनीकडे सोडली. खऱ्या तोंडावर काळं रेक्झीन गुंडाळलं. म्हणजे आई ओतेल, पाणी खाली येईल, धरतीलाही वाटा मिळेल आणि रेडिएटरमध्ये थेंब जाणार नाही. लोटनने आधी कानाला हात लावले, मग तारेने आवळून दिलं. गोपालची बायको सरिता हिला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माहेरच्या माणसाले फसाडं असतं तर मी हसनू असतू. आत्याबाईले नको." पण गोपाल स्वतःच्या अकलेवर खूश होता आणि खूश माणसाला बायकोचं ऐकू येत नाही.

मंगळवारी संध्याकाळी त्याने गाडी घरासमोर लावली. बुधवारी सकाळी तो नदीवरून परत आला, हातपाय धुतले आणि ताटावर बसला. सरिताने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली, वरण वाढलं, तेही जरा उंचावरून. मग चमेलीबाई आतून आली आणि तिने ताटात भाकरीशेजारी एक वस्तू ठेवली. ते भंगारातलं तोंड होतं. नळीसकट.

"हाई कोनं तोंड शे?" चमेलीबाईने विचारलं. "गाडीनं का तुनं?"

गोपालचा घास हातातच राहिला.

"गाडी घर उनी का मी पानी देस, हाई तुले माहीत शे. आज भी लई गऊ. पाच तांब्या पेस ती, मंग ढेकर देस. आज एक तांब्या टाका नि खालतून धार निंघी गयी. मी म्हनं, गाडीनं पोट फाटनं का मना पोऱ्यानं डोकं? वाकीसन दखं तं नळी सापडनी, वढी तं तोंडच हातमा उनं."

"माय, तसं नई..."

"पानी नको व्हतं तर सांगता येत नई का? तुना बापनी बावीस वरीस मले काय काय सांगं, खरं भी नि खोटं भी. पन त्यानी मले कधी खोटं तोंड दखाडं नई."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडत नव्हती. पदराच्या टोकाने ती ताटाशेजारचा वंगणाचा डाग पुसत होती आणि तो पसरत होता. गोपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडतिसाव्या वर्षी, दहा चाकांच्या गाडीचा मालक, आणि आईसमोर शाळेत पेन्सिल चोरलेल्या पोरासारखा बसला होता. त्याने ताट सरकवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. थंडी, गोठणं, फुगणं, बीडचं इंजिन. लोटनचं पेन आणि आठशे चाळीस.

चमेलीबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पानी लोखंड फोडी? पानी वाट काढस रे, फोडस नई. हाई मले पटत नई. पन चुनानं पटस." तिने चुलीजवळची पाणी तापवायची पातेली उचलून उलटी केली. आत पांढरा थर जाड बसला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघत होता. "हाई मी दर महिनाले घासस. गाडीना पोटमा कोन घासी?"

"तेच तं सांगस माय."

"मंग ते कॅनमधलं पानी कोठून येस? त्याना काय वेगळा पाऊस शे?"

"नई. पानी उकाळतस. वाफ धरतस. ती गार करी का जे पडस, ते पानी. चुना खालेच राही जास."

चमेलीबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग सरिताकडे पाहिलं. तिच्या तोंडावर हळूहळू हसू फुटलं, आणि ते पाहून गोपालला आपण आणखी काहीतरी मूर्खासारखं बोललो अशी शंका आली.

"वाफ धराले मले तू शिकाडस?" ती म्हणाली.

आता हे सांगायला हवं की सातपुड्याच्या त्या पट्ट्यात मोहाची झाडं घरच्या माणसासारखी असतात. फुलं वेचायची, वाळवायची, खायची, आणि देवाच्या पूजेला, लग्नकार्याला त्यांचीच भट्टी लावायची. पंचक्रोशीत चमेलीबाईच्या हाताची मोहाची नावाजलेली होती. पहिली धार ती देवाला वाहायची, दुसरी पाहुण्यांना, आणि ज्याला तिसरीसुद्धा सोसायची नाही त्याला घरी पाठवायची. धना गेल्यापासून मात्र सहा वर्षं तिने भट्टीला हात लावला नव्हता. मडकी माळ्यावर पालथी पडली होती.

तिने ती त्याच सकाळी खाली काढायला लावली. मोठं मडकं चुलीवर, त्यावर तळाला भोकं पाडलेलं दुसरं, त्याच्या पोटात थेंब झेलायला लहान भांडं, आणि सगळ्याच्या डोक्यावर गार पाण्याने भरलेलं पितळी पातेलं. वाफ वर जाते, पातेल्याच्या थंड बुडाला लागते आणि थेंब होऊन लहान भांड्यात पडते. राखेने तीनदा घासून, दोनदा नुसतं पाणी उकळून तिने सगळी मडकी निर्मळ केली. सांध्यांना ओली कणीक लावली. मग विहिरीचं पाणी ओतलं आणि चूल पेटवली.

"कितलं पाहिजे?" तिने विचारलं.

"बारा लिटर," गोपाल म्हणाला. "पन माय, लोटनना पेनवर दहाना खाले उनं पाहिजे. नई उनं तर मी कॅननं टाकसू. हाई आतेच सांगी देस, मंग म्हनू नको फसाडं."

"नई उनं तर तू कॅननं टाक," चमेलीबाई म्हणाली. "मी मव्हाना झाडखाल बसीसन रडसू. आते ऊठ, जळगाव जाय, माल भर."

गोपाल आणि बादल जळगावला गेले. इकडे खैरपाड्यात धूर दिसला आणि दुपारपर्यंत बातमी पसरली की सहा वर्षांनी चमेलीबाईची भट्टी लागली. सगळ्यात आधी मगनआबा आले. मगनआबांना गुडघेदुखीमुळे ग्रामसभेला येता येत नाही, पण त्या दिवशी ते शेताचा बांध ओलांडून आले. बंडीच्या आत काशाची वाटी होती.

"पह्यली धारनी शे का?" त्यांनी हळूच विचारलं.

"पह्यली धारनं," चमेलीबाई म्हणाली आणि वाटीत ओतलं.

मगनआबांनी डोळे मिटून घोट घेतला. डोळे उघडले. पुन्हा एक घोट घेतला, कारण चूक आपल्या जिभेची असू शकते.

"चमेली," ते दुःखाने म्हणाले, "हाईले तर कसानीच चव नई!"

"खरंच नई? जरासी भी?"

"काहीच नई. आपली विहीरना पानीले तरी चव शे."

चमेलीबाईला इतका आनंद झाला की तिने मगनआबांना गूळ-शेंगदाणे दिले. संध्याकाळपर्यंत आणखी सात-आठ वाट्या आल्या आणि हिरमुसून गेल्या. पोलीस पाटील चौकशीला म्हणून आले, त्यांच्याही खिशात वाटी होती. चमेलीबाईचा हात गेला, अशी हळहळ गावभर झाली. एवढी बदनामी तिने उभ्या जन्मात सोसली नव्हती, पण चूल विझू दिली नाही. वरच्या पातेल्यातलं पाणी कोमट झालं की सरिता बदलायची. गुरुवारी दिवेलागणीला गोपाल भरलेली गाडी घेऊन आला, तेव्हा ओसरीवर उकळून घेतलेल्या काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांवर धुतलेली फडकी बांधलेली होती. तेरा लिटर. आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, आणि तिच्या हाताला दोन ठिकाणी भाजलं होतं. गोपालने एका बरणीला हात लावला. ते पाणी पेनावर नापास होऊ शकतं, हा विचार त्याला सहन होईना. त्याने सरिताला मलम आणायला सांगितलं आणि आईच्या हातावर स्वतः लावलं. ती जागी झाली नाही.

शुक्रवारी सकाळी लोटन मिस्त्री मोटरसायकलवर आला. मागे कूलंटचे डबे आणि बाजारातल्या डिस्टिल्ड पाण्याचे दोन कॅन बांधलेले होते. भट्टीची हकीकत ऐकून तो इतका हसला की त्याला पाणी प्यावं लागलं.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हना हातनी मी लगीनमा पिएल शे, तिले तोड नई. पन हाई काम वेगळं शे. हाई सायन्स शे."

"पेन काढ," चमेलीबाई म्हणाली.

अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मगनआबा पुढे खाटेवर बसले होते. लोटनने आधी स्वतःच्या कॅनमधलं पाणी पेल्यात घेतलं, कसं मोजतात ते दाखवायला. पेन बुडवलं. सतरा. "शे थोडं," तो म्हणाला, "कॅन जुना व्हई." मग सरिताने बरणीचं फडकं सोडलं. गोपालला वाटलं, आपण दहा चाकं घेऊन घाट उतरतोय आणि ब्रेक लागत नाहीये. त्याने आईकडे पाहिलं. ती पेनाकडे पाहतच नव्हती. ती कमरेवर हात ठेवून गाडीकडे पाहत होती, निघायच्या आधी नेहमी पाहते तशी.

लोटनने पेन बुडवलं. वर काढलं, झटकलं, विजारीला पुसलं, पुन्हा बुडवलं.

"कितलं?" गोपालने पुढे सरकत विचारलं.

"पाच," लोटन म्हणाला.

"दहाना खाले शे ना?"

"पाच, म्हनी राहिनू ना!" लोटनने दुसरी बरणी उघडायला लावली. चार. तिसरी. पाच. लोटन मिस्त्रीने पेन खिशात घातलं आणि आपले दोन्ही कॅन उचलून मोटरसायकलजवळ नेऊन ठेवले. मग तो चमेलीबाईजवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, हप्ताले पन्नास लिटर काढी देशात का? मना गॅरेजले?"

"मना घर चूल शे, कारखाना नई," चमेलीबाई म्हणाली. पण ती लाजली होती, आणि तिने पदर नीट केला.

खाटेवरून मगनआबांनी मोठ्याने जाहीर केलं की चव नव्हती हे सगळ्यात आधी त्यांनीच ओळखलं होतं.

जुनं पाणी काढून टाकलं. लोटनने एका बाजूने कूलंट ओतलं, चमेलीबाईने दुसऱ्या बाजूने तांब्या. एक तुझा, एक माझा. इंजिन मधून मधून चालवून हवा काढली, पुन्हा भरलं. पातळी गळ्याशी आली तेव्हा लोटन म्हणाला, "बस. आते थेंब भी नको. हाई उतू घालता येत नई काकू, हाई इख शे, ढोरं चाटी लेतीन." चमेलीबाईचा हात थांबला. तांब्या तसाच धरून ती उभी राहिली. बावीस आणि सोळा, एवढ्या वर्षांत पाणी मातीत पडल्यावाचून गाडी निघाली नव्हती. गोपालला वाटलं, आता इथे अडेल. पण ती आत गेली आणि धनाची जुनी ॲल्युमिनियमची बाटली घेऊन आली, जी तो गाडीत सीटमागे लटकवायचा. उरलेलं पाणी तिने त्यात काठोकाठ भरलं आणि झाकण जोर लावून बंद केलं.

"धरतीना वाटा राहिना," ती म्हणाली. "वर गया का तठे टाकी देजो. ती भी धरतीच शे."

मग तिने रेडिएटरचं झाकण स्वतःच्या हाताने फिरवलं, जाळीवर हात फिरवला आणि नेहमीचं वाक्य म्हणाली. ते ती गोपालला कधीच म्हणत नसे, गाडीला म्हणत असे.

"पानी घरनं शे, घर भूलजो नको."

गोपाल खाली वाकला. पाया पडताना त्याने तिचा भाजलेला हात धरला आणि जरा जास्त वेळ धरला. मग वर चढून स्टार्टर मारला. बादलने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर पस्तीस डिग्री होतं.

सातव्या दिवशी पहाटे ते मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या माळावर होते. रात्री पुढचा रस्ता बंद केल्यामुळे तिथेच थांबावं लागलं. दहा-बारा गाड्या ओळीने उभ्या होत्या. चारी बाजूंना उघडे तपकिरी डोंगर आणि माथ्यावर पांढरं. श्वास घेतला की नाकात टोचत होतं. बादल जाकिटात होता, शिवाय दोन गोधड्यांत होता आणि तोंडाने देवांची नावं घेत होता. गोपाल खाली उतरला. शेजारच्या हरियाणाच्या गाडीचं पुढचं तोंड उघडं होतं, खाली तिघं जण पेटवलेला बोळा फिरवत होते, आणि त्यांच्या इंजिनातून नुसता कण्हल्यासारखा आवाज येत होता.

गोपालने आधी सीटमागची बाटली काढायला हात घातला, कारण काम सांगितलेलं होतं. बाटली हाताला लागली आणि तो चमकला. ती गोल राहिली नव्हती. पोट फुगलं होतं, तळ बाहेर आला होता, आणि उभा सांधा वरपासून खालपर्यंत उसवला होता. त्या फटीतून काचेसारखा स्वच्छ बर्फ दिसत होता. बापाने वीस वर्षं आपटली, चेपली, दगडावर ठेवली, तरी न फुटलेली ती बाटली. पाणी तेच होतं. त्याच बरणीतलं, त्याच हातचं.

त्याने झटकन पुढे जाऊन रेडिएटरचं झाकण उघडलं. हातमोजा दातांनी ओढून काढला. आत बोट घातलं. पाणी होतं. पातळ, हलणारं, गळ्यापर्यंत. आणि त्याला वास होता. कूलंटला गोडसर वास असतोच, असं लोटन म्हणेल. म्हणू दे. गोपालला तो जुन्या मडक्यांचा, मोहाचा वास आला आणि तो त्या वाऱ्यात डोळे पुसत उभा राहिला.

मग त्याने बाटलीचा पत्रा सोलून बर्फाचा तो गड्डा सोडवला आणि पुढच्या डाव्या चाकासमोर जमिनीवर ठेवला. वर चढला. पहिल्या फेऱ्याला इंजिन घुरघुरलं, दुसऱ्याला लागलं. गाडी पुढे सरकली आणि चाकाखाली बर्फ कर्रकन फुटला.

शेजारचा हरियाणवाला धावत आला आणि ओरडून विचारू लागला की पाणी कोणत्या कंपनीचं टाकलंय.

"घर का है, भाई," गोपाल म्हणाला. "माँ के हाथ का."

त्याला ती थट्टा वाटली. गोपालने हात हलवून निरोप घेतला. उसवलेली बाटली त्याने काचेजवळ, देवीच्या फोटोला टेकवून ठेवली. पाणी लोखंड फोडत नाही, असं म्हणणारी म्हातारी खैरपाड्यात बसली होती, आणि तिला ही बाटली दाखवायला आता परत जायलाच हवं होतं.